बागेची निज

महाबळेश्वरच्या डोंगरावर बागेचं वर्ष जूनमध्ये संपतं आणि दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा सुरू होतं. मधल्या दिवसांत पाऊस असतो आणि पावसाशिवाय दुसरं काही नसतं. वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. तिथून जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, पसरणी घाट उतरून वाईला यावं तर आणखी कमी, आणि कृष्णेच्या काठानं खाली माझ्या माहेरी, सांगलीला पोचेपर्यंत सहाशे मिलिमीटरच्या आगेमागे. नदी एकच, पण तिच्या उगमाकडच्या परसाचं आणि सांगलीतल्या अंगणाचं वेळापत्रक इतकं निराळं, की एकीकडे शिकलेलं दुसरीकडे चालत नाही.

मी सांगलीत वाढले आणि लग्नानंतर मेटगुताडच्या बाजूला, वेण्णा तलावापासून फार लांब नसलेल्या घरात आले. झाडं लावायचं वेड आईकडून आलेलं. डोंगरावर काय कधी करायचं ते मात्र सासूबाईंनी शिकवलं. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. मेच्या अखेरीस रोहिणी नक्षत्र लागलं, की आत्या सकाळचा चहा झाल्यावर परसात जातात आणि एकेका झाडापाशी थांबून त्याची पावसाळ्याची सोय ठरवतात. जिरॅनियमच्या कुंड्या ओसरीवर. गुलाबाच्या बुंध्याला मातीची भर. रिकाम्या वाफ्यांवर वाळक्या गवताचा जाड थर, म्हणजे पाऊस थेट मातीवर आपटत नाही. उताराच्या बाजूला चर पुन्हा खणून मोकळा. घेवड्याचं, भोपळ्याचं बी राखेत घोळून डब्यात, डबा चुलीजवळच्या फळीवर. आणि डेलियाचे गड्डे जमिनीतून बाहेर. घरालाही याच दिवसांत पश्चिमेकडून गवताच्या झडपा बांधायच्या असतात. हल्ली बरेच जण प्लॅस्टिक बांधतात, पण गवताआडची भिंत कमी घामेजते हा आमचा अनुभव. घर आणि बाग एकदमच झाकली जातात.

मग मृग लागतो आणि काम थांबतं. माहेरी मृगाच्या पहिल्या सरीला आम्ही बी टोकायला धावायचो. तीच सवय घेऊन मी पहिल्या जूनमध्ये खुरपं हातात घेतलं, तेव्हा आत्या दारातूनच म्हणाल्या, ‘‘पाऊस हाय तवर मातीला हात लावू नगंस. भिजल्याली माती तुडवली, की वरीसभर रुसती ती.’’ ते अक्षरशः खरं आहे. पाण्यानं तुडुंब भरलेली माती पायाखाली दबली, की तिच्यातल्या हवेच्या वाटा बंद होतात आणि त्या पुन्हा मोकळ्या व्हायला फार काळ जातो. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये पेरून मिळवायचं तरी काय? ऊन नाही. धुकं दारातून घरात येतं. मुळांना श्वास घ्यायला जागा नाही. घातलेलं खत दोन दिवसांत वाहून जातं. जांभ्याच्या या मातीतला चुना हजारो वर्षांच्या पावसानं धुऊन नेलेला आहे, म्हणून ती आंबट. अशा दिवसांत शहाण्या माणसानं झाडाला काही मागू नये.

टोरांटोजवळ राहणाऱ्या माझ्या भाचीला हे समजावून सांगताना पहिल्यांदा मला बागेचं वर्ष नीट दिसलं. तिच्याकडे ऑक्टोबरात पहिल्यांदा दव गोठायच्या सुमाराला सगळं आवरतं घ्यावं लागतं. मग बर्फ. तिथले लोक मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डेच्या जोडसुट्टीची वाट पाहतात आणि त्यानंतरच टोमॅटोची, मिरचीची रोपं बाहेर लावतात, कारण तोवर रात्री दव गोठण्याची भीती जात नाही. एका ऑक्टोबरात तिचा फोन आला. ‘‘मावशी, आज डेलियाचे गड्डे काढले. पानं काळी पडली थंडीनं. आता कोरड्या भुशात घालून तळघरात ठेवणार.’’ मी त्याच दिवशी माळ्यावरची पाटी खाली आणून आमचे गड्डे कोरड्या वाळूतून काढले होते. डोळे फुगले होते. वाफा तयार होता.

तेच झाड. मूळ मेक्सिकोच्या डोंगराळ भागातलं. भाचीच्या अंगणात त्याला हिमापासून वाचवायचं म्हणून ऑक्टोबरात उपटायचं, आमच्या परसात पावसात कुजू नये म्हणून मेमध्ये. ती मेमध्ये लावते, मी ऑक्टोबरात. गड्ड्याला दोन्हीकडे एकच गोष्ट हवी असते: अंधारात, कोरडं, कुणी न उठवता पडून राहायला काही महिने. थंड देशात जे काम हिवाळा करतो, ते आमच्याकडे पाऊस करतो. आमच्या डोंगराला लोक थंड हवेचं ठिकाण म्हणतात. पण बागेपुरतं बोलायचं तर आमचा हिवाळा जूनला येतो, आणि पंचांगातला हिवाळा हा आमचा वसंत असतो.

अर्थात निजते ती माणसानं लावलेली बाग. डोंगराची स्वतःची झाडं नेमकी याच दिवसांत जागी असतात. साताऱ्याहून कासच्या पठारावर भाद्रपदात गेलं, की तेरडा, सीतेची आसवं, मिकी माउस यांनी कातळ झाकलेला दिसतो. जिथे जेमतेम बोटभर माती आहे, तिथे पावसाचे चार महिने हेच त्यांचं सगळं आयुष्य. उन्हाळा त्यांनी बी होऊन, कंद होऊन काढलेला असतो. कारवी तर सात-आठ वर्षं नुसती वाढते, एकदाच फुलते आणि मरते. तिच्या वाळक्या काठ्या आमच्या घेवड्याला लागतात, म्हणून ती परसातही येते. परसात पावसाळ्यात एकटा हायड्रेंजिया खुशीत असतो. त्याचे गुच्छ निळेशार. आंबट मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून मुळांना मिळतं, म्हणून ते निळे. त्याची एक फांदी मी हौसेनं माहेरी नेऊन लावली होती. सांगलीच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तिची पानं पिवळी पडली, आणि जो एक गुच्छ आला तो फिका गुलाबी होता.

नवरात्रात पावसाची झोड संपते. चार-आठ दिवस उघडीप मिळाली, की गवताचा थर बाजूला करायचा आणि मातीचा वास घ्यायचा. आंबूस, कोंदट वास असेल तर अजून थांबायचं. मातीची मूठ दाबून ती बोटानं सहज फुटली, तर कुदळ चालवायची. मग गादीवाफे. शेणखत भरपूर, राख भरपूर, आणि थोडा चुना. पाचगणीहून नातेवाईक सिल्व्हर ओकच्या पानांची पोती देतात. एकोणिसाव्या शतकात जॉन चेसननं पाचगणी वसवताना ही झाडं तिथे लावली. पण ती पानं लवकर कुजत नाहीत. त्यांचा उपयोग खताला कमी, आच्छादनाला जास्त.

स्ट्रॉबेरीची रोपं याच दिवसांत घाट चढून वर येतात. ही गोष्ट पर्यटकांना क्वचित माहीत असते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी म्हणून २०१० साली जिला भौगोलिक मानांकन मिळालं, तिची रोपं पावसाळ्यात महाबळेश्वरात टिकत नाहीत. परदेशातून आलेल्या मातृरोपांपासून धावते फुटवे धरण्याचं काम खाली वाई तालुक्यात, कमी पावसात होतं. डोंगर निजलेला असताना त्याचं पीक खालच्या गावात जोपासलं जातं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सासरी पाठवावं तसं वर येतं. आम्ही परसापुरती शंभरेक रोपं घेतो. लावताना एकच जपायचं, रोपाचा गाभा मातीत बुडता कामा नये आणि मुळं उघडी राहता कामा नयेत. लहान मुलांना हे काम उत्तम जमतं, त्यांची बोटं बारीक असतात.

विलायती भाज्यांची या डोंगरावरची परंपरा बरीच जुनी, आणि तिच्यामागची माणसं कुणी हौशी साहेब नव्हेत. १८३४ ते १८६४ या काळात महाबळेश्वरात एक तुरुंग होता. पेनांग-सिंगापूरकडून पाठवलेले चिनी आणि मलायी कैदी तिथे ठेवलेले असत. बटाटा आणि परदेशी भाज्यांची चांगली लागवड इथे रुजवली ती त्यांनी. चायनामन फॉल्स या धबधब्याचं नाव त्यांच्या मळ्यांवरून पडलं. मला त्या माणसांचा फार विचार येतो. समुद्र ओलांडून, विषुववृत्ताजवळच्या बारमाही उकाड्यातून इथे आणलेली. हा पाऊस, हा गारठा त्यांना सर्वस्वी परका. कधी पेरायचं आणि कधी थांबायचं हे त्यांना कुणी सांगितलं असेल? वाफ्यात बटाट्याचे डोळे पुरताना मी त्यांची आठवण काढते. त्यांची नावं मला माहीत नाहीत.

दिवाळीनंतर गुलाबाची छाटणी. खरं तर सांगलीत ती दसऱ्यालाच होते, डोंगरावर जरा उशिरा. छाटणीपासून दीड महिन्यात फुलं, हा हिशेब दोन्हीकडे सारखा, फक्त आमच्याकडच्या गारठ्यात थोडे दिवस जास्त. आणि मग मार्गशीर्ष-पौष, म्हणजे डोंगरावरच्या बागेचे खरे सणाचे दिवस. गाजर, मुळा, कोबी, मटार, डेलिया, पिटुनिया, शेवंती. थंडीत गाजर आणि कोबी गोड होतात, कारण गारठ्याला तोंड देण्यासाठी झाड आपल्यातल्या पिठाची साखर करतं.

या सणात एक धोका असतो. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या बाजूला दवबिंदू गोठतात, गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर चढतो, वर्तमानपत्रात छायाचित्रं येतात. त्या दिवशी वेधशाळेचा आकडा चार-सहा अंशांच्या खाली नसतोही. पण तो आकडा जमिनीपासून उंचावरच्या पेटीतल्या हवेचा. आभाळ निरभ्र, वारा पडलेला असला, की उघडी जमीन आपली ऊब रात्रभर वर सोडत राहते. गार हवा जड, ती उतारावरून घरंगळत खोलगटात, तलावाकाठी येऊन साचते. म्हणून वरच्या टेकाडावरची पपई वाचते आणि खालच्या वाफ्यातला घेवडा काळा पडतो. स्ट्रॉबेरीचं रोप मरत नाही, पण उमललेल्या फुलाचा मधला भाग काळा झाला, तर त्याचं फळ होत नाही. संध्याकाळी वारा थांबला आणि चांदण्या फार लखलखीत दिसल्या, की आम्ही जुनी लुगडी काढतो. वाफ्यावर काठ्या रोवून त्यांच्यावर कापड टाकायचं, पानांना ते टेकता कामा नये. दुपारीच पाणी दिलेलं असावं, ओली माती जास्त ऊब धरून ठेवते. आणि सकाळी कापड काढायला विसरायचं नाही. आत्यांच्या लग्नातलं हिरवं लुगडं आता फक्त या कामाला आहे आणि त्याचा त्यांना अभिमान आहे.

आता सांगली.

तिथे बर्फ नाही, आणि चार महिने बाग झाकून ठेवणारा पाऊसही नाही. उन्हाळा कडक, पण पाणी मिळालं तर झाड उन्हाळ्यातही वाढत राहतं. म्हणजे निज आणणारं निसर्गात काहीच ठाम नाही. मग ती माणसालाच आणावी लागते. माझी आई पौषात मोगऱ्याचं पाणी तोडायची. पानं मलूल व्हायची, काही गळायची. शेजारणी म्हणायच्या, झाड मेलं हो तुमचं. ती थांबायची. मग छाटणी, बुंध्याशी उकरणी, शेणखत, आणि माघ उजाडला की पाणी. चैत्रात अंगणात पाय ठेवला, की वास अंगावर यायचा. लिंबाचंही तेच. बागायतदार त्याला ताण देणं म्हणतात, आणि येणाऱ्या फुलोऱ्याला बहार. थंडीत ताण देऊन जानेवारी-फेब्रुवारीत धरायचा तो आंबे बहार, पावसाबरोबर येणारा मृग बहार, आणि पाऊस सरताना धरायचा हस्त बहार. आटपाडीकडच्या डाळिंबवाल्यांचं सगळं वर्ष या तीन शब्दांभोवती फिरतं. हलक्या मुरमाड जमिनीत लवकर ताण बसतो. आईच्या अंगणातल्या काळ्या मातीत फार दिवस थांबावं लागे, कारण ती माती वरून भेगाळली तरी आतून ओल सोडत नाही.

या विद्येचा सगळ्यात मोठा आविष्कार म्हणजे तासगाव-पलूस-मिरजेकडच्या द्राक्षबागा. द्राक्ष ही मुळात थंडीत पान टाकणारी वेल. नायगाराजवळच्या बागा भाचीनं बर्फात पाहिल्या, नुसती काळी खोडं. तिथे हिवाळा वेलीला निजवतो, शेतकरी निजेतच एकदा छाटतो आणि वसंतात ती आपण होऊन फुटते. सांगलीत वेल निजतच नाही. म्हणून वर्षात दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. एप्रिल छाटणीनंतर फुटलेल्या काडीवरच्या डोळ्यात, भर उन्हाळ्यात, पुढच्या घडाचा सूक्ष्म अंकुर तयार होतो. बाहेरून काही दिसत नाही. त्या दिवसांत ऊन भरपूर मिळालं तर डोळ्यात घड बनतो, नाहीतर नुसता तणावा. ऑक्टोबरात ती काडी छाटून डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. विषारी द्रव्य, हातमोजे घालूनच लावायचं. न मिळालेल्या थंडीची उणीव ते भरून काढतं आणि सगळे डोळे एकदम जागे होतात. लहानपणी मी मामांच्या मळ्यात हे सगळं पाहिलं, पण त्यामागचं कारण कळलं ते डोंगरावर येऊन राहिल्यावर. एका वेलीला ऋतू मिळावा म्हणून माणसं पिढ्यान्‌पिढ्या हातात कात्री घेऊन उभी आहेत. मला यात फार मोठी माया दिसते.

डोंगराचा आणि सांगलीचा संबंध कधी कधी निराळ्या वाटेनं येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्याकडे पाऊस थांबेना, कोयना आणि कृष्णेच्या सगळ्या उपनद्या भरून वाहत होत्या, आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी सुमारे ५७ फुटांवर गेलं. माहेरचं अंगण कित्येक दिवस पाण्याखाली होतं. पाणी उतरल्यावर हातभर गाळ. सुकला की त्याचा पापुद्रा इतका घट्ट बसतो, की खालच्या मुळांना हवा मिळत नाही. वेळेवर उकरला तर तोच गाळ सुपीक. कढीपत्ता आणि पारिजातक जगले. लिंबू वर्षभरानं फुटलं. मोगरा गेला. आईचा मोगरा मी लग्नात एका कुंडीतून डोंगरावर नेला होता. तिथल्या गारठ्यात तो कधी धड फुलला नाही, पण ओसरीच्या कोपऱ्यात जिवंत होता. त्याच्या फांद्या पुढच्या माघात सांगलीला परत गेल्या.

अलीकडे या सगळ्या निजेची वेळ हलते आहे, आणि याचं मला मनापासून भय वाटतं. २०२५ साली मे महिन्यातच आभाळ भरून आलं आणि महिनाअखेरीला मॉन्सून महाराष्ट्रात शिरलासुद्धा. रोहिणीची आवराआवर करायला आम्हाला उसंत मिळाली नाही. वाफ्यांवर गवत पडायच्या आत माती वाहिली. त्याच दिवसांत द्राक्षवाल्या मामेभावाचा फोन आला, की काडीवर ऊनच पडलेलं नाही, आता ऑक्टोबरात डोळ्यातून काय निघेल कुणास ठाऊक. त्याची काळजी ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत कुणाला दिसणार नव्हती. द्राक्षाच्या घडाचं भवितव्य मे महिन्याच्या ढगांखाली ठरतं, हे बाजारात द्राक्ष घेणाऱ्याला कसं कळावं? त्या वर्षी दसऱ्यालाही पाऊस हटला नाही, आणि वाफे भरायला दिवाळी उजाडली.

आत्यांनी नक्षत्रांवरचा विश्वास सोडलेला नाही, पण त्या आता आभाळाकडे आधी पाहतात. डेलियाचं आम्ही असं ठरवलंय, की रोहिणीची वाट पाहायची नाही. अक्षय तृतीया झाली, की पाणी बंद करायचं, पानं पिवळी पडू द्यायची आणि पंधरवड्यात गड्डे काढायचे, मग फुलं अजून असली तरी. त्यांना ते जड जातं. भरल्या फुलांचं झाड उपटायला हात धजत नाही. म्हणून ते काम मी करायचं आणि वाळू त्यांनी चाळायची, अशी वाटणी झाली आहे. यंदा भाचीनं तिच्याकडच्या एका जांभळ्या वाणाचं वर्णन करून पाठवलंय, बी जमलं तर धरून ठेवते म्हणाली. पण तिकडे बी पिकायच्या आत थंडी येते, तेव्हा फुलं लवकर यावीत म्हणून गड्डे एप्रिलमध्येच घरात कुंडीत लावायला मी तिला सांगितलं आहे.